लेफ्ट कव्हरची जागा

खोपोलीजवळ कुंभिवलीच्या पुढे हायवेला लागून माझं आवार आहे. पाडलेल्या घरांचं सामान मी घेतो आणि विकतो. दारं, चौकटी, तुळया, मंगलोरी कौलं, बिडाचे कठडे. घर पाडणाऱ्याला ती अडगळ वाटते आणि फार्महाऊस बांधणाऱ्याला तीच खानदानी वाटते. या दोघांच्या मधल्या फटीत मी माझा संसार उभा केला. सुरुवातीला एक हातगाडी होती, तीही भाड्याची. कोणाच्या ओळखीने काही मिळालं नाही, आणि मिळालं असतं तर मी घेतलंही नसतं.

आवाराच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड आहे. तिथल्या कोब्यावर फक्कीने कबड्डीचं मैदान आखलेलं आहे, दोन पाट शेजारी मांडावेत एवढं. मध्यरेषा, निदानरेषा, बोनस, सगळं प्रमाणात. त्या मैदानावर आम्ही तीन म्हातारे रोज संध्याकाळी कबड्डी खेळायचो. बसून, तोंडाने.

आम्ही तिघं म्हणजे मी, आमचा कप्तान आणि मास्तर. कप्तान माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा. तरुणपणी गावच्या संघाचा कप्तान होता. पुढे खोपोलीच्या एका कागद कारखान्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला, पण अख्खा गाव त्याला अजून कप्तानच म्हणतो. मास्तर खोपोलीच्या शिळफाट्याला राहायचे. शाळेत व्यायाम शिकवायचे, आणि त्यांच्या हाताखालची पोरं पुढे मॅटवर खेळली.

आमचा खेळ असा होता. या पट्ट्यात कबड्डीचे तीन काळ झाले. पहिला मातीचा, म्हणजे आमचा. भात कापून झालं की शेतातली ढेकळं फोडायची, पाणी मारून चोपायची, वर चाळलेली माती टाकायची. पाय अनवाणी, आणि दम जाईपर्यंत चढाई. दुसरा काळ कारखान्यांचा. खोपोलीकडे कारखाने आले तेव्हा एका चांगल्या पकडीवर पोरांना नोकऱ्या लागल्या. सकाळी पाळी, दुपारी सराव, अंगात कंपनीचं बनियन. तिसरा मॅटचा, आत्ताचा. बूट, गुडघ्याला पट्टे, तीस सेकंदांची चढाई आणि पंचाने चुकीचा निकाल दिला तर टीव्हीवर फेरतपासणी.

प्रत्येक काळातले आपल्या भागातले सर्वात भारी सात निवडायचे, मैदानावर मांडायचे आणि एकमेकांवर सोडायचे. मातीवाल्यांना कौलाचे तुकडे, कारखानावाल्यांना लोखंडी नट, मॅटवाल्यांना पाण्याच्या बाटलीची झाकणं. मॅटचा संघ मास्तरांचा, कारखान्यांचा कप्तानाचा, मातीचा माझा, पण मातीतला कप्तान तोच, म्हणून तिथे कोण कुठे उभं राहणार ते त्याच्या शब्दावर. कोणी चढाईला गेला की बाकीच्यांनी सांगायचं, तो कुठे सापडला आणि का. पटलं तर तुकडा बाहेर. नाही पटलं तर भांडण. बहुतेक वेळा भांडणच.

"तुमचा वाडीवरचा गडी चांगला होता, कबूल," मास्तर म्हणायचे. वाडीवरचा म्हणजे डोंगरातल्या वाडीतला एक चढाईवाला. आमच्या काळात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. "पण तीस सेकंदांत काय करणार तो? त्याला अंगात यायलाच मिनिटभर लागायचं."

"मास्तर," कप्तान म्हणायचा, "तो लाकडाचा भारा घेऊन डोंगर उतरायचा नि कर्जतच्या बाजारात सगळ्यांच्या आदी पोचायचा. तुमचं घड्याळ त्याला काय शिकवतं?"

"मग मॅटवर बूट घालावे लागतील त्याला."

"घालंल की. पन त्याच्या मापाचा बूट तुमी आनायचा," मी म्हणायचो. "पंजा नव्हता तो, फनस होता फनस."

"आणि माझा कोपऱ्यातला पोरगा त्याचा तो फणसच धरणार. घोट्याला हात घातला की संपलं."

"आदी त्याला मातीत उबा तर करा. बुटासकट उतरला तर म्हशीवानी घसरंल."

मैदान कोणतं, यावरच आमचा एक अख्खा पावसाळा गेला. शेवटी तोड मी काढली. पहिला हाफ मातीत, दुसरा मॅटवर. मातीत तीस सेकंदांचं बंधन नाही, मॅटवर आहे. बनियन धरलं तर दोन्हीकडे फाऊल. मास्तर कुरकुरले, कप्तान कुरकुरला. दोघंही सारखेच नाराज झाले म्हणजे सौदा बरोबर झाला, हे मला धंद्याने शिकवलेलं आहे.

सौदे तर रोजचेच होते. एखादा खेळाडू दोन काळांत खेळलेला असला की तो कोणाच्या संघात, यावरून घासाघीस व्हायची. कारखान्यांचा एक राईट कॉर्नर मी कप्तानाकडून अशा रीतीने काढला की त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. आधी मला नको असलेल्या दोघांसाठी हट्ट धरला. मग रुसून एक सोडला, मग दुसरा सोडला, आणि जाता जाता म्हटलं, "जाऊ दे, मग तो कोपऱ्यातला म्हातारा तरी टाक इकडं." त्याने टाकला. कधी "विचार करून सांगतो" म्हणून मी चहा अर्धा ठेवून उठायचो आणि हायवेपर्यंत चालत जायचो. ही आमच्या धंद्यातली जुनी चाल. घेणारा उठून निघतो. देणाऱ्याला खरंच द्यायचं असेल तर तो हाक मारतो. कप्तान नेहमी हाक मारायचा.

"ये रं, ये, घेऊन जा तुजा कोपरा. हायवेवर मरशील उगीच."

असा मी त्याच्याकडून सगळा संघ पोखरला. एकच जागा त्याने कधी दिली नाही. मातीच्या संघातली लेफ्ट कव्हरची जागा. ती माझी होती.

आता हे सांगायला हवं. मी गावच्या संघात लेफ्ट कव्हरला खेळायचो. कप्तान मधोमध, सेंटरला, म्हणजे माझा उजवा हात त्याच्या डाव्या हातात. साखळी करून आम्ही चढाईवाल्याला कोंडीत पकडायचो. माझ्याइतका चपळ कव्हर तालुक्यात नव्हता, हे माझे वैरीही सांगायचे. तालुक्याच्या सामन्यांत एका वर्षी आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. सामने खालापूरच्या बाजूला एका गावात होते. सकाळी मैदान पाहायला गेलो तर एका बाजूला मुद्दाम जास्त पाणी मारलेलं. आमचे चढाईवाले ज्या अंगाने शिरायचे तीच बाजू. नुसता चिखल. मैदानाबद्दल, जेवणाबद्दल, टेंपोबद्दल बोलायचं असलं की संघ मलाच पुढे करायचा, कारण मी हटायचो नाही. त्या दिवशीही हटलो नाही. पंच कमिटीतल्या पुढाऱ्यांशी असा भांडलो की मांडवातली माणसं गोळा झाली. शेवटी त्यांनी कोरडी माती आणून टाकली. मैदान सारखं झालं.

आणि दुपारी नावं द्यायच्या वेळी कप्तान मला म्हणाला, "तू आज बस."

एवढंच. माझ्या जागी त्याने त्याचा चुलतभाऊ उभा केला. मी रेषेबाहेर बसून पाहिलं. मी कोरडं करून दिलेल्या मैदानावर आमचा संघ थोडक्यात हरला.

तेव्हापासून मी किती माणसांशी किती व्यवहार केले असतील. फसवलो गेलो, फसवलंही, सगळं विसरलो. हे विसरलो नाही. पुढाऱ्यांना खूश करायला त्याने मला बसवलं, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. त्याचं म्हणणं दुसरंच. शेडखाली खेळ सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी कौलाचा एक तुकडा घेतला, कोपरा तुटलेला, जरा काळपट, आणि लेफ्ट कव्हरला ठेवला.

"ह्यो कोन?" कप्तानाने विचारलं.

"मी."

त्याने तो उचलून मैदानाबाहेर ठेवला. "तू राखीव."

"आनि इथं?"

"चुलतभाऊ."

"त्याला पकड येत व्हती काय रं? शेळी तरी धरली का त्यानं कदी?"

"नसंल धरली. पन त्यानं माजा हात कदी सोडला नाय. तू सोडायचास. घोटा दिसला की तू सुटलास. साखळी तुटली की मदनं मानूस निसटतो. तू एकटाच खेळायचास, आमी सहा जन तुज्याबरोबर मैदानात हाव हे तुला ठाऊकच नसायचं."

हे खोटं आहे. हात मी सोडायचो तो घोटा समोर आला म्हणून. समोर आलेला घोटा जाऊ द्यायचा आणि दुसऱ्याचा हात धरून उभं राहायचं, याला शहाणपण म्हणायला मी तयार नाही. तसा राहिलो असतो तर आज त्या हातगाडीवरच असतो. हे मी त्याला दर आठवड्याला ऐकवायचो. तो दर आठवड्याला माझा तुकडा उचलून बाहेर ठेवायचा. मास्तर मधे पडायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीने आम्ही दोघंही मॅटवर पहिल्या पाच मिनिटांत बाद होणारे.

माझी बायको नातवाला सांभाळायला कल्याणला मुलाकडे गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी "थोडे दिवस" म्हणून गेली होती. नातू शाळेत जायला लागला, मग दुसरा नातू झाला. मी सणाला जातो, दोन दिवसांत माझा आवाज त्यांच्या फ्लॅटला मोठा पडायला लागतो, मी परत येतो. आवारातच वर एक खोली आहे. एका माणसाचा भात कुकरमध्ये नीट होत नाही, तळाला लागतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. संध्याकाळ झाली की सिक्स सीटरमधून कप्तानाची काठी आधी खाली यायची आणि मग कप्तान, आणि मला त्या दिवशी निदान एक माणूस असा भेटायचा की ज्याला माझ्याकडून काही विकत घ्यायचं नव्हतं. एवढंच सांगायचं आहे.

मास्तर गेले ते गेल्या पावसाळ्यात. दोन दिवसांचा ताप आणि संपलं. आम्ही दोघं शिळफाट्याला जाऊन आलो, आणि आल्यावर सवयीने शेडखाली बसलो. झाकणं मांडली तेव्हा लक्षात आलं की मॅटच्या संघाला आता कोणी नाही.

"त्यांच्याकडनं तू बोल," कप्तान म्हणाला.

"मी का? तू बोल."

"माज्यानं नाय जमायचं. खोटं बोलाया तू बरा."

म्हणून मी मॅटवाल्यांची वकिली सुरू केली. त्यासाठी टीव्हीवर सामने पाहावे लागले, एरवी मी नाक मुरडायचो. आणि खरं सांगतो, ती पोरं चांगली आहेत. आमच्या काळात पडणं म्हणजे हरणं असायचं. ती पडतापडता हात लांब करून रेषा गाठतात. दोन चढाया रिकाम्या गेल्या की चढाईवाला तिसऱ्या चढाईला नाइलाजाने आत शिरतो, तेव्हा तिघंच उरलेले असूनसुद्धा त्याच्यावर अशी झेप घेतात की वाटतं, हे आम्हाला कोणी का दाखवलं नाही. मी हे कप्तानाला सांगितलं तेव्हा तो हसला.

"फितूर झालास."

"वकील हाय मी त्यांचा."

"मग आता तर तुला मातीत जागाच नाय. दोन पक्षांचा मानूस कव्हरला नको."

तुकडा बाहेर. आम्ही दोघं त्या दिवशी मोठ्याने भांडलो, आणि मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा मला रात्री झोप लागली.

दिवाळीनंतर एके सकाळी कप्तानाचा फोन आला. "घरी ये. दारं बघायची हायत."

मी टेंपो घेऊन गेलो. घर साधं, कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी. पुण्याकडे, चिंचवडला त्याचा मुलगा असतो. त्याने जागा विकायची ठरवली होती. घेणारा मुंबईचा, घर पाडून बंगला बांधणार होता. कप्तानाच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं आणि नंतर त्याला एकटं ठेवायचं नाही असं मुलाने ठरवलं होतं. हे सगळं त्याने ओटीवर बसून मला तांदळाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला आधी कळवलं का नाही, असं मी विचारलं नाही. माझं डोकं तापलं होतं. तापलो की मी धंद्याचं बोलतो.

माल चांगला होता. पुढचं दार सागाचं, जड, कडी पितळेची. आतल्या चौकटींना कुठेही वाळवी नाही. मी सगळीकडे हात फिरवला, ठोकून पाहिलं, तोंड वाईट केलं, आणि भाव सांगितला. तो भाव मी कोणालाही सुरुवातीला सांगतो. म्हणजे ऐकून समोरच्याने शिवी द्यावी असा.

"बरं," कप्तान म्हणाला. "कदी नेतोस?"

मी विचारलं, "ऐकलंस का नीट?"

"ऐकलं. बरोबर हाय. ने."

पहिल्याच भावाला जो हो म्हणतो त्याचा एक तर माल खोटा असतो, नाही तर तो दुकान बंद करून निघालेला असतो. माल तर मी हाताने पाहिला होता. मी भाव माझ्या मनानेच वाढवला, पुन्हा वाढवला. तो दोन्ही वेळा "बरं" म्हणाला. आयुष्यात मी कधी स्वतःशी घासाघीस केली नव्हती. त्या ओटीवर केली, आणि समोरचा माणूस अंगणातल्या शेवग्याकडे बघत बसला होता.

संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे आला. दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन येणार होता. मी चहा मागवला. तुकडे मांडले, नट मांडले, झाकणं मांडली. वाडीवरचा चढाईला, त्याच्या मागे सगळे आपापल्या जागी. शेवटी माझा कोपरा तुटलेला तुकडा लेफ्ट कव्हरला ठेवला आणि त्याच्या हाताची वाट पाहिली.

हात आला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "बरोबर हाय."

"काय बरोबर हाय?"

"तूच. लेफ्ट कव्हर तूच."

ज्याच्यासाठी एवढी वर्षं माझा जीव जळत होता ते त्याने असं दिलं, चहाच्या पेल्यातून तोंड वर न करता. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोक्यात सकाळचं "बरं" घुमलं. तोच आवाज.

"आनि चुलतभाऊ?"

"त्याला बसव."

"का म्हनून? कारन सांग."

"आता कारन कशाला? तुला जागा पायजे व्हती ना? घे की."

"मी हात सोडायचो ना? साखळी तोडायचो ना? कालपतूर तोडत व्हतो, आज नाय तोडत?"

"सोडायचास. पन आता काय त्याचं."

"आता काय त्याचं?" मी ओरडलो. बाहेर सिमेंटचा ट्रक उभा होता, त्याचा ड्रायव्हर वळून बघायला लागला. "अरं, मला भीक घालतोस? जायचं म्हनून भांडी वाटल्यावानी जागा वाटतोस? नको मला. तुजी दारं नकोत नि तुजी जागा नको."

आणि मी पायाने ते सगळं उधळलं. कौलं, नट, झाकणं. वाडीवरचा गडी कुठे कठड्यांच्या ढिगात गेला तो आजपर्यंत सापडला नाही, त्याच्या जागी मी दुसरा तुकडा ठेवला आहे.

कप्तान काठीवर जोर देऊन उठला. "तुजा सोभाव," एवढं म्हणाला. हायवेपर्यंत हळूहळू चालत गेला. आमच्या चालीप्रमाणे आता मी हाक मारायला हवी होती. तो उठून निघाला होता, मी देणारा होतो की घेणारा, मला ठरवता आलं नाही. सिक्स सीटर आली, तो बसला, गेला.

दारं मी आणली. ठरलेला भाव, म्हणजे मीच वाढवलेला, त्याच्या मुलाच्या हातात दिला. आणि आठवड्यात ती विकलीही. कर्जतच्या बाजूला नदीकाठी एका फार्महाऊससाठी गेली. नंतर मी तिथे दुसरा माल द्यायला गेलो तर पुढचं सागाचं दार आडवं करून, वर काच टाकून त्यांनी जेवायचं टेबल केलेलं होतं. पितळी कडी तशीच ठेवली होती, शोभेला. बाईसाहेब म्हणाल्या, "काका, या दाराची काही गोष्ट असेल ना?" मी म्हटलं, "नाही. दार आहे." धंदा तो धंदा. त्या टेबलाशी मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही.

शेडखाली मी पुन्हा मैदान मांडलं. एकट्याने खेळून पाहिलं. माझा तुकडा लेफ्ट कव्हरला ठेवला, उचलायला कोणी नव्हतं. मातीवाले जिंकले. दुसऱ्या दिवशीही जिंकले. मॅटवाल्यांच्या बाजूनेही मीच बोलत होतो आणि मीच ऐकत होतो, आणि माझ्याशी वाद घालून मला कधी हार मानावी लागली नाही. असा खेळ कोणी किती दिवस खेळेल? मग मी ते तसंच सोडून दिलं. धूळ बसली. गिऱ्हाईकं विचारायची, हे काय आहे, मी म्हणायचो, कचरा.

गेल्या आठवड्यात कप्तानाचा फोन आला. गुडघा बरा आहे. मुलाच्या इमारतीसमोर एक मैदान आहे, तिथे पोरं मॅट टाकून खेळतात. हा रोज बाकावर बसून बघतो.

"परवा उतरलो मी," तो म्हणाला.

"कुटं?"

"मॅटवर. पोरं घरी गेली व्हती. चपला काडल्या नि हुबा राह्यलो. आपन कदी हुबं राह्यलोच नव्हतो रं त्याच्यावर, नुसतंच बोलत व्हतो. पाय चिकटतो. जागच्या जागी वळायचं म्हनलं तर तळवा सोलतो. वाडीवरचा पन नसता टिकला." मग म्हणाला, "मास्तर खरं बोलत व्हते. आपन हरलो असतो."

म्हणजे ही जागाही त्याने सोडून दिली. अख्खा संघच विकून टाकला, पहिल्या भावाला.

मी चिडलो. पण या वेळी फोन होता, पायाने उधळायला समोर काही नव्हतं. मी म्हटलं, "पैला हाफ मातीत ठरला हाय. मॅटवर हरू, पन त्याच्या आदी मातीत केवडं लोन चडवलं असतं, ते हिशोबात धर."

पलीकडे मागे कुठेतरी लिफ्टचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "पैल्या हाफला लेफ्ट कव्हर कोन?"

मला माहीत होतं तो काय ऐकायची वाट बघतोय. मी म्हटलं, "तुजा चुलतभाऊ."

"कोन?"

"चुलतभाऊ. शेळी. हात न सोडनारा."

"येडा हायस का? शेवटच्या सामन्यात त्यानं नुसता माजा हात धरून ठेवला, समोरनं दोन मानसं शिवून गेली. तू असतास तर एक तरी घोटा धरला असतास."

हे वाक्य त्याने इतक्या वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं. मी कुकरच्या शेजारी भिंतीला टेकून उभा होतो.

"मी हात सोडला असता," मी म्हटलं. "साखळी तुटली असती."

"तुटली असती."

"मग?"

"मग काय मग! भांडतोस कशाला? घेतोय ना तुला?"

"फुकटचं नको मला. कारन पटंल असं सांग."

"तुज्यायला..." तो म्हणाला, आणि त्याचा तो जुना आवाज आला, शेडखालचा. "हे बग. पैला हाफ तू. मातीत तुज्या चपळाईचा उपेग हाय. दुसऱ्या हाफला मॅटवर तुला बसवनार. तितं साखळी पायजे. चुलतभाऊ उतरंल. आनि तू बाहेर बसून पंचाशी भांडायचं नाय. बोल, हाय कबूल?"

अर्धी जागा. पूर्ण देऊन झाल्यावर त्याने ती परत घेतली आणि अर्धी पुढे केली, वर एक अट घातली. याला म्हणतात भाव. माझ्या ओठांवर "कबूल" आलं होतं. पण मी चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस आहे, त्या घाईने मी कधीच काही घेतलं नाही.

"विचार करून सांगतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी मैदानाची धूळ झटकली, फक्की नव्याने ओढली, सगळ्यांना जागेवर मांडलं. माझा तुकडा लेफ्ट कव्हरला ठेवला नाही. राखीवच्या जागीही नाही. तो मी मध्येच, बाजूच्या रेषेवर ठेवला आहे, अर्धा आत, अर्धा बाहेर.

मी उठून निघालो आहे, तर हाक त्याने मारायची आहे. त्याला ही चाल माझ्याइतकीच पाठ आहे. अजून फोन आलेला नाही. फोन मी खिशात ठेवत नाही, हायवेच्या आवाजात ऐकू येत नाही. समोर कोब्यावर ठेवतो, मैदानाच्या शेजारी. चहा एकच मागवतो.